पोर्टलवरून आलेले सर आणि संस्थेची ‘आपली माणसं’

पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून मुख्याध्यापिकेने लिहिलं आहे. शाळा अनुदानित माध्यमिक, संस्था जुनी. मुलं सगळ्या समाजांतली आहेत: बागायतदारांची, शेतमजुरांची, बौद्ध वस्तीतली, वडार वस्तीवरची, लमाण तांड्यावरची. शिक्षक मात्र जवळजवळ सगळे दोनच समाजांतले, त्यातले निम्मे संस्थाचालकांच्या नात्यातले. दोन वर्षांपूर्वी सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून गणिताचे एक शिक्षक आले. ते नंदुरबार जिल्ह्यातले, पावरा या आदिवासी समाजातले आहेत. काही पालकांची तक्रार आहे की सरांचं मराठी शुद्ध नाही, त्यांना दहावी देऊ नका. स्टाफरूममध्ये त्यांचा उल्लेख ‘कोट्यातले’ असा होतो. गावात खोली मिळत नसल्यामुळे ते रोज एसटीने ये-जा करतात. आता दोन जागा रिकाम्या झाल्या आहेत आणि अध्यक्षांचं म्हणणं, “या वेळी भरतीचा मुलाखतीसह पर्याय घ्या, आपली माणसं तरी येतील.” बाई विचारतात: सरांना दहावी द्यावी का? अध्यक्षांना काय सांगावं? आणि शाळेची गुणवत्ता सांभाळायची की सर्व समाजांतले शिक्षक आणायचे, यात मुख्याध्यापकाने काय निवडावं?

बाई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मी आधी बोलणार आहे ते तुम्ही ओघात लिहून गेलेल्या एका वाक्याबद्दल. “आमच्याकडे जातपात कधी नव्हती, हे सर आल्यापासून तो विषय निघायला लागला.” तुम्ही हे मनापासून लिहिलंय, यात मला शंका नाही. तरी एकदा शिक्षकांचं मस्टर समोर घ्या आणि नावं सलग वाचा. बावीस माणसांत दोन समाज, आणि त्यातही कुणाची सून, कुणाचा पुतण्या, कुणाचा मेहुणा. इतकी एका ठशाची माणसं आपोआप जमत नाहीत. पगार सरकारचा आणि नेमणूक संस्थेची, अशा त्या काळात अनुदानित शाळेतली जागा कशी भरली जायची हे तालुक्यातल्या चहाच्या टपरीवरही ठाऊक होतं. जात तेव्हाही पाहिली जात होतीच. पाहणाऱ्याची आणि निवडलेल्याची एकच असली की तिचा उच्चार करावा लागत नाही, एवढंच.

हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. प्रश्न सरांबरोबर आला असं एकदा मनाने घेतलं, की सरांना बाजूला सारणं हेच उत्तर वाटू लागतं. पालक तेच सुचवताहेत, स्टाफरूम तेच सुचवतेय आणि अध्यक्षही वेगळ्या शब्दांत तेच सांगताहेत.

आता गुणवत्तेचं. पोर्टलवरून आलेला उमेदवार पदवी, बीएड, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि त्या गुणांवर लागलेली यादी, एवढं सगळं पार करून येतो. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटीही हवी. तुमच्या स्टाफरूममधल्या किती जणांची निवड अशा राज्यभराच्या यादीतून झाली होती? सर कोणत्या बिंदूवर, म्हणजे कोणत्या प्रवर्गाच्या जागेवर आले, हे सहकाऱ्यांना ठाऊक असण्याचं खरं तर कारणच नाही. मागास प्रवर्गातला उमेदवार गुणांवर खुल्या जागेवरही लागतो, हे ‘कोट्यातले’ म्हणणाऱ्यांच्या गावीही नसतं. अध्यक्षांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ती चाचणी २०० गुणांची, त्यातले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. फळ्यासमोर उभं राहून पंचेचाळीस पोरांना कसं सांभाळायचं, हे तिच्यात कुठेच तपासलं जात नाही. म्हणजे मापात खोट आहे. पण नात्यागोत्याच्या मापात ती अधिक होती, आणि तेव्हा गुणवत्तेचा प्रश्न कुणी काढला नव्हता.

सरांच्या शिकवण्याबद्दल तुम्ही पत्रात अगदी जाता जाता एक प्रसंग लिहिलाय. माझ्या मते तुमच्या पत्रातली ती सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू होती. उदाहरण नेहमीचंच: दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे, अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे, तर ती संख्या कोणती? सरांनी क्ष आणि य लिहायला घेतलेच नाहीत. तांड्यावरच्या एका मुलीला उभं केलं आणि म्हणाले, “आकडे सोड. गोष्ट सांग. कोण मोठं, कोण लहान?” ती घरच्या बोलीत सांगू लागली, वर्ग हसला, सरांनी हसू दिलं आणि तिचं पूर्ण ऐकून घेतलं. मग ‘पेक्षा’ आणि ‘ने मोठी’ या दोन जागी खडूने गोल केले. ३६ हे उत्तर त्या मुलीने काढलं. तुम्ही मागच्या बाकावर बसून हे पाहिलंत आणि पत्रात एका ओळीत उरकलंत!

शाब्दिक उदाहरणात पोरं बेरीज-वजाबाकीला अडत नाहीत, ती ‘पेक्षा’ला अडतात. कुठला आकडा कशातून वजा करायचा ते त्या एका शब्दावर ठरतं. घरात मराठी बोलणाऱ्या शिक्षकाला तिथे अडायला होतं हेच मुळात लक्षात येत नाही. पावरी बोलत वाढलेला, शाळेत आल्यावर मराठी शिकलेला माणूस ती जागा अचूक ओळखतो, कारण तिथे तो स्वतः अडलेला असतो. पालक ज्याला उणीव म्हणताहेत, तिचा उपयोग निदान मागच्या दोन बाकांवरच्या मुलांना होतो आहे.

मात्र पालकांची तक्रार नुसती दुष्टपणाची म्हणून झटकूही नका. सरांचे काही उच्चार मुलांना खरंच कळत नसतील, तर तो शिकवण्यातला प्रश्न आहे आणि तो सुटण्यासारखा आहे. आठ दिवसांच्या अंतराने दोन तासिका पाहा. मुलांना चिठ्ठीवर, नाव न घालता, काय समजलं नाही ते लिहायला सांगा. आणि तेच इतर दोन शिक्षकांच्या तासालाही करा, म्हणजे तपासणी एकट्या सरांची राहणार नाही. मला वाटतं, ‘शुद्ध मराठी’ची तक्रार इतिहासाच्या तासातूनही निघेल. आपल्या ग्रामीण शाळांत कोण प्रमाण मराठीत शिकवतं हो? सातारी-सांगली वळण चालतं, नंदुरबारी खटकतं.

दहावीबद्दल तुम्हीच लिहिलंय की तुमच्या शाळेत नववीचा शिक्षक तोच वर्ग पुढे दहावीला नेतो. मग हा प्रश्न पडलाच कसा? रिवाज सगळ्यांना लागू असेल तर सरांनाही लागू. त्यांना आठवीला पाठवायचं असेल, तर आधी रिवाज बदलायला हवा आणि तो बदल लेखी कारणासह सर्व विषयांना लावायला हवा. अध्यक्षांना हे इतक्याच शांतपणे सांगा. बहुतेक वेळा लेखी कारण द्यायचं म्हटलं की घोडं पेंड खातं.

आता जरा तुमच्याकडे येते. तुम्ही लिहिलंय, “तांड्यावरच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, गैरहजर मुलांच्या घरी जाणं, जातीच्या दाखल्यांची कामं मी सरांकडेच दिली आहेत, कारण ती मुलं त्यांना आपली वाटतात.” हेतू चांगला आहे. पण सर पावरा, मुलं लमाण आणि वडार. त्यांची भाषा वेगळी, मुलूख वेगळा. त्यांना ‘आपलं’ ठरवलं ते आपण, बाहेरून पाहणाऱ्यांनी. दुसरं म्हणजे या कामाला तासिकांत सूट नाही. बावीस जणांच्या शाळेत वंचित मुलांची जबाबदारी एकाकडे गेली की उरलेले एकवीस मोकळे. असे सर तीन वर्षांत थकतात, आणि मग लोक म्हणतात, यांना शिकवण्यात रस नाही. ही कामं वर्गशिक्षकांना वाटून द्या. तांड्यावर घरभेटीला जाणाऱ्यांत संस्थेच्या सूनबाईही असू द्या. त्यांना तिथे जे दिसेल ते दहा प्रशिक्षणांत कळणार नाही.

याच संदर्भात तीन अभ्यास सांगते. उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या प्राथमिक शाळांच्या एका अभ्यासात असं आढळलं की शिक्षक आणि मूल यांची जात, धर्म किंवा लिंग जुळत असेल तर मुलाची प्रगती अधिक होते. म्हणजे शिक्षक कोण आहे याने फरक पडतो. पण जातीच्या शिक्षकाला जातीची मुलं जोडून दिली की झालं, असाही अर्थ कुणी काढू नये. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका भारतीय प्रयोगात उत्तरपत्रिकांवर मुलांच्या जाती चिठ्ठ्या टाकाव्यात तशा कशाही लावल्या आणि त्या शिक्षकांना तपासायला दिल्या. ‘खालच्या’ जातीचं नाव असलेल्या पेपरला थोडे कमी गुण पडले. आणि ते कमी देणारे प्रामुख्याने त्या जातींतलेच शिक्षक होते, वरच्या जातींतले नव्हते. समाजाने वर्षानुवर्षं मनात भरवलेलं कुणाच्याही मनात असू शकतं. म्हणून चाचणीच्या पेपरावर नाव नको, फक्त क्रमांक हवा, आणि पेपर दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकाने तपासावेत. याला पैसा लागत नाही.

तिसऱ्या अभ्यासाचा तुमच्या शाळेशी थेट संबंध आहे. उत्तर प्रदेशाच्या ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत फरक दिसला नाही. इतर गटांत प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं नाव आणि जात सर्वांसमोर वाचली. तिथे दलित मुलांची कोडी कमी सुटली. मुलं तशीच, कोडी तीच. आता आठवा, सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की तुमच्या वर्गात काय होतं? “एससीच्या मुली उभ्या राहा.” “व्हीजेएनटी किती?” हजेरीपटावर प्रवर्ग असतोच, यादी कार्यालयात तयार असते, तरी मुलींना उभं केलं जातं, कारण तसंच चालत आलंय. पहिला तास गणिताचा असेल तर त्या मुली कोणत्या मनःस्थितीत वही उघडतात याचा विचार करा. हे उद्यापासून बंद करता येतं. यादी कार्यालयातून काढा, चिठ्ठी पालकांच्या नावे बंद पाकिटात द्या आणि फॉर्म कार्यालयात घ्या. तुमच्या एका सूचनेवर होणारं हे काम आहे, त्यासाठी कुठल्याही संस्थाचालकाची परवानगी लागत नाही.

दोन रिकाम्या जागांकडे येऊ. आधी अध्यक्षांचा एक गैरसमज: मुलाखतीसह पर्याय घेतला तरी बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारा तक्ता, सुटत नाही. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून ती तपासून घ्यावीच लागते आणि जागा ज्या प्रवर्गाची निघेल त्याच प्रवर्गातला उमेदवार घ्यावा लागतो. फरक इतकाच, की मुलाखतीशिवाय पर्यायात शिफारस झालेला उमेदवार थेट येतो आणि मुलाखतीसह पर्यायात आलेल्यांतून संस्था निवडते. तत्त्वतः मला मुलाखत नापसंत नाही. पाठ घ्यायला लावता येतो, आणि चाचणीत जे तपासलं जात नाही ते नेमकं पाहता येतं. मन लावून शाळा चालवणाऱ्या संस्थेला हा पर्याय खरंच उपयोगी आहे. पण तुमच्याकडे मुलाखतीला बसणार कोण? अध्यक्ष, सचिव आणि तुम्ही. आणि हेतू अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलाय. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या वेळी मुलाखतीशिवाय.

ते जमलं नाही, आणि कदाचित जमणार नाही, तर मुलाखतीला शिस्त लावा. सगळ्यांना तेच पाच प्रश्न. पाठाचा घटक एकच, तो आदल्या दिवशी कळवलेला, आणि पाठ घ्यायचा तो प्रत्यक्ष मुलांच्या वर्गावर. प्रत्येक परीक्षकाने एकमेकांशी बोलण्याआधी गुण लिहून सही करायची. बाहेरचा एक विषयतज्ज्ञ, शेजारच्या तालुक्यातले निवृत्त मुख्याध्यापक असले तरी चालतील. ‘मूळ गाव कुठलं, तुमच्याकडे अमके पाटील कोण लागतात, जेवायला काय काय चालतं’ हे प्रश्न बंद. अध्यक्षांपुढे याला समतेचं कलम म्हणू नका. “उद्या कुणी माहिती अधिकारात कागद मागितले तर आपल्याकडे असायला हवेत,” असं म्हणा. तत्त्वापेक्षा कागदाला आपल्याकडे लवकर मान मिळतो.

“त्यांच्यात चांगले शिक्षक मिळतच नाहीत,” हेही अध्यक्ष म्हणणार. तुमच्या कार्यालयात जोतीराव फुल्यांचा आणि कर्मवीरांचा फोटो असणार, आपल्याकडच्या कुठल्या संस्थेत नसतो? १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी हाच मुद्दा मांडला होता. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, ते मुलांपासून अंतर राखून राहतात. शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून तयार करावेत, ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील आणि वेळ पडली तर नांगर धरायला लाजणार नाहीत. त्या मागणीचा फायदा ज्या समाजांना झाला, त्यांतलेच काही समाज आज तुमच्या स्टाफरूममध्ये बहुसंख्य आहेत. मग दार तिथेच का थांबावं, असं अध्यक्षांना विचारता येईल, पण सर्वांसमोर नको. भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात ठेवली, आणि तेवढ्यावर न थांबता १९३५ साली साताऱ्यात शिक्षक घडवणारं विद्यालयही काढलं. शिक्षक मिळत नसतील तर तयार करावे लागतात, हा धडा आपल्याच भागातला आहे. तुमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या वडार, लमाण, बौद्ध, मुस्लीम मुलामुलींपैकी कितीजण डीएड-बीएड करून घरी बसलेत, याची यादी कुणी केली आहे का? ती करा. रविवारी सकाळी शाळेची एक खोली उघडा, टीईटी आणि अभियोग्यता चाचणीची तयारी करून घ्या. बुद्धिमत्तेचा भाग शिकवायला तुमच्याकडे ती चाचणी देऊन निवडले गेलेले एक सर आहेतच, पण त्यांना त्याचं मानधन द्या. तसे फुकटात कितीतरी वेळ ते राबलेत.

विनाअनुदानित इंग्रजी शाळांतल्या ज्या मुख्याध्यापकांची पत्रं येतात, त्यांच्यासाठी इथेच एक वाक्य. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तुमच्याकडे २५ टक्के जागांवर वंचित आणि दुर्बल घटकांतली मुलं येतात, पण त्यांच्या वस्तीतून आलेल्या किती बाई तुमच्याकडे शिकवतात? जाहिरात फक्त ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकून ‘अर्जच येत नाहीत’ म्हणू नका.

सर अजून शिक्षणसेवक आहेत. तीन वर्षांचा हा काळ महिन्याला १८,००० रुपये मानधनावर काढायचा, आणि पुढे नियमित वेतनश्रेणी मिळताना संस्थेचा शेरा लागतो. म्हणून स्टाफरूममधली कुजबुज त्या शेऱ्यात शिरणार नाही हे तुम्हीच पाहायला हवं. तुम्ही पाहिलेल्या तासिकांची निरीक्षणं तारखेसह, सहीसह आजपासून फाइलला लावा, ती ३६ वाली तासिकाही. ‘कोट्यातले’ हा शब्द पुन्हा कानावर आला तर सर्वांसमोर नाही, त्या व्यक्तीला केबिनमध्ये बोलावून सांगा की हे चालणार नाही. दुसऱ्यांदा झालं तर लेखी द्या. आणि सरांना “मनाला लावून घेऊ नका” एवढं मात्र म्हणू नका.

राहिली खोली. पत्राच्या ओघात तुम्ही हेही विचारलंय, आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, पण मुख्याध्यापिकेने आपल्याच शिक्षकाला भाडेकरू ठेवणं बरं दिसेल का? बरं दिसण्यापेक्षा सरांना ते सोयीचं पडेल का, हे पाहा. भाडं थकलं, पाण्यावरून कुरबुर झाली तर ती दुसऱ्या दिवशी शाळेत येणार. मला तरी ते टाळावंसं वाटतं. त्याऐवजी हे करा: ज्या तीन घरमालकांनी सरांना “खोली कालच गेली” म्हणून सांगितलं, त्यांतल्या दोघांची मुलं तुमच्या शाळेत आहेत असं तुम्हीच लिहिलंय. त्यांच्याकडे स्वतः जा, सरांना बरोबर घेऊन नको. शाळेच्या शिक्षकासाठी खोली हवी म्हणा. आडनाव विचारलं तर सांगा, गाव विचारलं तर सांगा. नकार द्यायचाच असेल तर तो मुख्याध्यापिकेच्या तोंडावर द्यावा लागेल, आणि गावात ते फारसं कुणाला जमत नाही.